तेरा नंबरच्या गल्लीची लाल सूचना

साहेब, लोकांना थांबवायला तुम्हाला येतं, सोडायला येत नाही. हे तुमच्या तोंडावर कुणी बोलत नाही, कारण तुमच्या कचेरीचा जिना प्रत्येकाला कधी ना कधी चढावा लागतो. म्हणून घडलं ते घडलं तसं इथे मांडलं आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा. हे काम करणारी दोघंही पहिले तीन दिवस हसतच होती.

साथ आली, पाणी नासलं, कारखान्यातून वायू गळला, की लोकांना खरी माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून तुमच्या खात्याने 'खात्री' नावाचं ॲप करायला घेतलं. त्याचं काम जुन्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर चालायचं. पूर्वी त्या खोलीत मोडलेले हातपाय प्लास्टरमध्ये घालत. खिडकीच्या चौकटीतून अजून पांढरी पूड निघायची. माणसं दोन. अठरा वर्षं वॉर्डात काढून पाठीच्या दुखण्याने खुर्चीवर आलेली सिस्टर सूचना लिहायची. ॲप बांधणारा जुळ्या मुलींचा बाप होता, आणि अंगाने इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणत.

सिस्टरचा एक हट्ट होता. सूचनेत तीनच ओळी हव्यात: काय झालं, काय करायचं, कधीपर्यंत. तिसऱ्या ओळीवरून ती कुणाशीही भांडायला पदर खोचून उभी. वॉर्डात एकदा एका म्हाताऱ्याला ऑपरेशनआधी पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, त्याला कळवायचं राहून गेलं. माणूस दिवेलागणीपर्यंत ओठांवरून जीभ फिरवत पडून होता. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या भरलेला.

"उठून प्यायचं ना मग," काडी म्हणाला.

"त्याला सांगितलं होतं ना, पिऊ नका म्हणून. विश्वास ठेवणारा माणूस तक्रार करत नाही, काडी. म्हणून त्याच्याकडे पुन्हा जावं लागतं."

चाचणीला एक खोटी सूचना लागणार होती. खऱ्या गल्लीचं नाव घातलं आणि चुकून बाहेर फुटलं तर घबराट. शहरात बारा नंबरच्या गल्लीनंतर एकदम चौदा नंबरची लागते. मध्ये वखारीची लांबलचक भिंत. म्हणून सिस्टरने तेरा नंबर घेतला. 'पाण्याची वाहिनी फुटली आहे. नळाचं पाणी पिऊ नका. टँकर येईपर्यंत थांबा.' लाल रंगात. काडीने बटण दाबलं, सूचना झळकली, दोघं चहा प्यायला उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनेखालचं 'समजलं' हे बटण एकेचाळीस जणांनी दाबलेलं होतं.

"तुझ्याच उचापती," सिस्टर म्हणाली.

"पोरींची शपथ, मी नाही. तुमच्या वॉर्डातल्या मैत्रिणी असतील."

ॲप अजून लोकांच्या हाती गेलंच नव्हतं. ते दोनच फोनांवर होतं, आणि दोन्ही फोन समोर टेबलावर पडलेले होते.

मग प्रश्न येऊ लागले. 'हे पाणी झाडांना चालेल का?' सिस्टरने गंमत म्हणून लिहिलं, 'चालेल, भाज्या सोडून.' लगेच उत्तर, 'बरं झालं विचारलं.' थोड्या वेळाने आणखी एक. 'टँकरवाला वाटेत जेवायला बसलाय का?' काडीने लिहिलं, 'बसला असेल. आता हात धुतोय.' 'सावकाश येऊ द्या. आम्ही थांबलोय.'

दोघांना त्या मंडळींचा लळाच लागला. काडी सकाळी पिशवी खाली ठेवण्याआधी विचारायचा, "आपली माणसं काय म्हणतात?" कुणीतरी टवाळ माणूस सर्व्हरमध्ये घुसला आहे अशी त्याची समजूत होती, आणि टवाळ असला तरी घरंदाज आहे असं तो म्हणायचा. तिसऱ्या दिवशी एका बाईने लिहिलं, 'जाऊबाई म्हणतात, एक घोट घ्यायला काय होतंय. मी म्हटलं, खात्रीवर लिहिलंय, घ्यायचा नाही.' काडी पोट धरून हसला.

चौथ्या दिवशी त्याच बाईचं आलं: 'धाकटी आता झोपेतसुद्धा पाणी मागत नाही. शहाणी झाली.'

सिस्टरने हातातला कप खाली ठेवला.

"काडी, उतरव ती सूचना."

"टवाळ आहे हो कुणीतरी."

"असू दे. उतरव."

"मला उतरवता येत नाही. लाल सूचना लावायला एक सही, काढायला दोन. दुसरी साहेबांची."

ही अट तुमची, साहेब, आणि अट चांगली आहे; घाबरून कुणी धोक्याची सूचना आधीच काढू नये म्हणून घातलेली. साडेअकराला सिस्टर कागद घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली. तुम्ही चष्मा वर केलात.

"तेरा नंबरची गल्ली आहे कुठे, बाई? नसलेल्या गल्लीतलं पाणी चांगलं आहे म्हणून मी सही करू? उद्या चौकशी लागली तर?"

"नसलेल्या गल्लीत लाल सूचना लावलेली चालली ना?"

"ती चाचणी होती. सोमवारी उद्घाटन झालं की चाचण्या आपोआप पुसल्या जातील."

"आणि मग त्यांना सांगणार कोण?"

"कुणाला?" तुम्ही विचारलंत, आणि हसलात.

सिस्टर तिथून तडक आपल्या दिराकडे गेली. तो पाण्याचा टँकर चालवतो. गाडीचा आरसा पुसत उभा होता.

"भाऊजी, एक खेप टाकायची आहे."

"टाकू की. कुठे, वहिनी?"

"तेरा नंबरच्या गल्लीत."

"आणि तिथून पुढे चंद्रावर?"

"आधी तिथे जाऊ, मग बघू."

"दादाला माहीत आहे का हे?"

"तुमच्या दादाला सांगितलं तर ते आधी माझं डोकं तपासून आणतील. चला."

दुपारचे अडीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बारा नंबरच्या कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान बंद, चौदा नंबरच्या तोंडाशी एक कुत्रं सावलीत लवंडलेलं. मधली भिंत उन्हात पांढरी फटक दिसत होती. टँकरच्या गचक्यागणिक भाऊजींचा चंद्राचा विनोद चालूच होता. भिंत पुरती नजरेत आली तसा तो थांबला.

भिंतीच्या पायाशी भांडी मांडलेली होती. बादल्या, पातेली, डबे, एक छोटा निळा पेला. सरळ रांगेत, मध्ये हातभर जागा सोडून. सगळी कोरडी, सगळी घासून लख्ख.

भाऊजींनी इंजिन बंद केलं.

"कुणाची आहेत ही?"

 सिस्टरने पाइप ओढून घेतला.

एकेक भांडं भरत गेलं. निळा पेला तिने ओंजळीने भरला.

शेवटची बादली भरली. पाइप बंद झाला.

भिंतीच्या आतून घोट घेतल्याचा आवाज आला. पुष्कळ गळ्यांचा, एकदम.

भांडी रिकामी होती. तळाला ओलसुद्धा नव्हती.

भाऊजींनी एक बादली उलटी करून पाहिली.

"वहिनी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "आणखी एक खेप आणू का?"

तीन खेपा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनेखाली एकेचाळीस निरोप आले होते. 'टँकर आला.' 'पाणी गोड आहे.' 'धाकटी घरभर नाचतेय.' काडीने बिस्किटांचे दोन पुडे आणले, जिन्यावरच्या झाडूवालीलाही दिले, आणि विचारलं तर मुलींचा वाढदिवस आहे म्हणून ठोकून दिलं. सिस्टरची पाठ त्या दिवशी दुखली नाही. दुपारपर्यंत खोलीत सण असल्यासारखं वाटत होतं.

मग धाकटीच्या आईचा आणखी एक निरोप आला. 'आमचं झालं. पण आमच्या मागच्या वसाहतींकडे कोण बघतं? त्या बिचाऱ्यांना तीन वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.'

काडीने 'खात्री'च्या आधीच्या सूचनांचा जुना सर्व्हर उघडला. तीन वर्षांपूर्वी तुमच्या खात्याने वायुगळतीची रंगीत तालीम केली होती. कागदावर नऊ वसाहती तयार केल्या, त्यांना नावं दिली, घरं दिली, आणि लाल सूचना लावली. 'विषारी वायू पसरला आहे. दारं-खिडक्या बंद करून फटींत ओली फडकी कोंबा. पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.' खाली तुमची सही. तालीम छान झाली, फोटो निघाले, सगळे जेवायला गेले. पुढची सूचना लिहायला कुणी बसलं नाही.

'समजलं': सहा हजार दोनशे.

त्याखाली तीन वर्षं रोज एक प्रश्न आलेला आहे. रोज सकाळी, एकाच घरातून. भाषा नम्र. एकदाही आवाज चढलेला नाही.

आजचा असा आहे: 'घरातलं पाणी संपत आलंय. उरलेल्या पाण्यात फडकी भिजवू, की आता दार उघडलं तर चालेल?'

वायूची ती सूचना काढायचा कागद तुमच्या टेबलावर आहे. सिस्टरने सही केली आहे. तुमची जागा कोरी आहे, आणि सोमवारी तुम्ही सगळं पुसणार आहात. साहेब, त्यांनी दार उघडायचं की नाही? उत्तर द्या.