बुधवारचा फोन

"माझी आई मंगळवारी गेली, असं हा कागद सांगतो," समोरची बाई म्हणाली. "आणि बुधवारी संध्याकाळी ती माझ्याशी फोनवर बोलली."

मास्तरांचा कप बशीवर आपटला. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर शेजारच्या तपासनीस ताईंकडे रोज चहाला येत आणि चहाबरोबर त्यांच्या कामात नाकही खुपसत.

ताईंनी मृत्यूचा दाखला हातात घेतला. "तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"शुक्रवारी गेली. दादानं सांगितलं." घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पाच वर्षांपूर्वी दूरच्या शहरात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आईचं हृदय नाजूक, म्हणून तिला कळवलं नव्हतं. "ती घरी बोलावत होती. यायला जमणार नाही, एवढंच सांगितलं. आई भडकली. म्हणाली, मी मेले तरी येऊ नकोस. मीही म्हटलं, नाही येणार."

ताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी राहवेना. घरी फोन लावला. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती, म्हणून कुजबुजतच म्हटलं, आई, माफ कर गं. ती म्हणाली, उगी. रागावले नाही मी. आधी बरी हो, मग ये." धाकटीनं डोळे टिपले. "त्या दोन वाक्यांवर जगलेय मी. आता घराच्या कागदांसाठी दाखला लागला. दादा नेहमी 'मी आणतो' म्हणायचा, म्हणून मीच अर्ज करून काढला. तर ही तारीख!"

"कारकुनाची चूक," मास्तर म्हणाले. "डुलकी लागली असेल."

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला हे मुळीच रुचलं नाही. "आम्ही मनानं तारीख घालत नाही, साहेब. घरी मृत्यू झाला की डॉक्टर लिहून देतात, घरचं कुणीतरी खबर देतं, तेव्हा नोंद होते. दाखला म्हणजे त्या नोंदीची नक्कल." त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा नोंदणीचा दिनांक. बुधवार. माणूस शुक्रवारी मरणार आणि नोंद बुधवारी? आमच्याकडे पुष्कळ काही होतं, पण एवढं नाही होत."

"खबर कुणी दिली?" ताईंनी विचारलं.

"मयताची बहीण."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मंगळवारी दुपारी त्यांनी स्वतः नाडी पाहिली होती. हृदय बंद पडलं होतं. संशयाला जागा नव्हती.

"मग भाऊ खोटारडा," बाहेर पडताना मास्तर म्हणाले. "त्या तीन दिवसांत काहीतरी घोळ केलाय त्यानं."

ताईंनी दाखल्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मास्तर धाकटीला घेऊन तिच्या भावाकडे गेले. दारात धाकटी चप्पल काढायला वाकली, तेवढ्यात आतून हाक आली, "कोण आलंय रे?" धाकटीचा हात चपलेवरच थबकला. "मावशी आहे. पहिल्यापासून इथेच असते," ती मास्तरांना पुटपुटली.

भाऊ दाखला पाहून आधी पांढरा पडला, मग तडकला. "एका तारखेसाठी तपासनीस? लाज नाही वाटली?"

"तुमच्या आईंना फोनवर नीट ऐकू यायचं?" ताईंनी शांतपणे विचारलं.

"आईला?" तो नकळत हसला. "तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. तीनदा ओरडावं, तेव्हा ती विचारणार, कोण आलं?"

"आणि धाकटीच्या आजारपणाचं त्यांना तुम्ही सांगितलंत?"

"छे! शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

धाकटीनं झटकन मान वर केली. "मला वाटलं, तूच सांगितलंस."

मास्तरांना अजून उलगडा होत नव्हता. ताईंनी खुर्ची धाकटीजवळ ओढली.

"दाखला खरा आहे. आई मंगळवारी गेल्या, बुधवारी नोंद झाली, संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही कुजबुजलात. ऑपरेशनच्या धास्तीत तुम्हाला सुचलं नाही, पण ज्यांना ओरडलेलं ऐकू येत नव्हतं, त्यांनी ते पहिल्याच वेळी कसं ऐकलं? ज्यांना आजार ठाऊकच नव्हता, त्या 'बरी हो' कशा म्हणतील? फोन उचलणाऱ्या बाईंचे कान शाबूत होते, त्यांना ऑपरेशनचं माहीत होतं, आणि त्यांचा आवाज तुमच्या आईसारखा होता. मघाशी दारात तुम्हालाही क्षणभर आईच वाटली ना?"

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. पदर तोंडाशी.

"तू 'आई' म्हणालीस," ती म्हणाली. "सकाळी तिची नोंद करून आले होते मी. दुसऱ्या दिवशी तुला टेबलावर घेणार होते. कशी सांगू गं? तू माफी मागत होतीस. तोंडातून निघून गेलं."

"मीच शुक्रवार सांगितला," भाऊ खाली बघत म्हणाला. "खरा दिवस सांगितला असता तर फोनचं कळलं असतं."

धाकटी मावशीकडे वळली. "तिनं सांगितलं होतं का तुला? की ती रागावली नाही?"

मास्तरांना वाटलं, मावशीनं आता हो म्हणावं. एवढं एक खोटं खपून जाईल.

"नाही," मावशी म्हणाली. "ते माझंच होतं. ती काहीच बोलली नाही."

"म्हणजे मला यायचंच नव्हतं, असं समजून गेली ती."

भावानं भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मास्तर उठायला लागले, पण ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

धाकटी उठून मावशीजवळ गेली आणि तिथेच जमिनीवर बसली.

"मावशी, मंगळवारचं सांग. सगळं. सकाळपासून."

मावशी भिंतीला धरून हळूहळू तिच्याशेजारी टेकली. "सकाळी उठली ती चिडूनच. केस विंचरू देईना. चहा गार झाला म्हणून दोनदा परत पाठवला…"

"मग?" धाकटी म्हणाली.