प्रेसवरचं कुलूप

ही गोष्ट माझ्यासमोर घडलीय. पटत नसेल तर पुढची पोस्ट वाचा, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

मागची खंडेनवमी. भर दुपार. रांजणगावातली एक कंपनी, नाव सांगत नाही. मशिनांना हार घालून कामगार घरी गेले होते. त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. पण साहेबांना पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसची ट्रायल हवी होती.

प्रेस मी सांभाळते त्या जावा सर्व्हिसवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामवरून सुरू होते. सर्व्हिस आधी विचारते, कुलूप निघालं का? उत्तर देणारा भाग ती स्वतः बनवत नाही, सिस्टीम तो आणून जोडते. जुना भाग आमच्या जुन्या फिटरच्या, मल्हारीमामांच्या नियमावर चालायचा. प्रेसखालच्या खड्ड्यात उतरताना पॅनेलला कुलूप लावायचं, आणि ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.

मामा दोन वर्षांपूर्वी वारले. साहेबांनी पुण्याच्या टीमकडून तो भाग पुसून घेतला आणि नेहमी 'हो' म्हणणारा बसवला. मी भांडले होते.

आणि त्या दुपारी प्रेस सुरूच होईना.

"तेजश्री, बघ काय जोडलं जातंय!" साहेब खेकसले.

मी बघितलं... जुनाच भाग.

कोडमध्ये शोधला. फाइलच नव्हती. सगळं पुसून नव्यानं चढवलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला.

पुन्हा तोच.

आधी तो फक्त हो किंवा नाही म्हणायचा. आता स्क्रीनवर आलं...

आत माणूस हाय.

मी स्क्रीन साहेबांकडे वळवली.

"बायपास कर. कुलपाचं विचारूच नको, चालू कर."

"नाही करणार. नोकरी गेली तरी नाही!"

साहेब स्वतःच पॅनेलकडे निघाले. मी आडवी उभी राहिले. तेवढ्यात प्रेसच्या खालून...

ठक. ठक.

खड्ड्यात भारत होता. साफसफाईचा कंत्राटी कामगार, दोन मुलांचा बाप. पान्यानं नट ठोकत होता.

तो वर आल्यावर मी ओरडले, "कुलूप का नाही लावलंत?"

"आमाला कंत्राटवाल्यांना कुठलं कुलूप देत्यात, मॅडम? पन ते म्हातारं मामा हुते ना हितं. म्हनले, उतर तू, कुलूप म्या लावतो."

हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो.

काल पुन्हा तेच आलं... आत माणूस हाय. बॅटरी घेऊन मी स्वतः खाली उतरले. खड्डा रिकामा होता.

वर आले, तर पॅनेलला कुलूप. मी लावलं नव्हतं.

साहेब म्हणाले, कटर आणा.

मला अजून भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण मी कटर आणणाऱ्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, ज्यानं लावलंय त्यानंच काढायचं.

प्रेस आजही बंद आहे.