पाण्यातले धुरे

मासे तर पाण्यातच राहतात. मग ते पाण्याबाहेर तोंड काढून हवा का गिळतायत? सकाळी सहा वाजता बुडालेल्या शेतांकडे बघताना पालवी काठावरच थबकली.

एक नाही, दोन नाही, हजारो तोंडं! आभाळाकडे उघडझाप करणारी.

सन २०५८ची गोष्ट. वैनगंगेकाठच्या पिंपळटोल्याची खोलगट शेतं दर पावसाळ्यात पाण्याखाली जात. उन्हाळी धान निघाला की पूर येई, आणि सारं गाव मिळून त्या पाण्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडी. पण धुरे, म्हणजे शेतांचे बांध, बुडाल्यावर मासा कुणाचा? यावरून असं कडाक्याचं वाजलं, की गावाची मत्स्यसंस्था मोडायची वेळ आली. तेव्हा अकरा वर्षांच्या पालवीनेच ग्रामसभेत सुचवलं, "प्रत्येकाने आपापल्या धुऱ्यावर बारीक जाळी ठोकावी! ज्याच्या शेतात मासा, त्याचाच तो!" टाळ्या पडल्या, जाळ्या ठोकल्या गेल्या. आणि आता गावाची वर्षाची मासळी मरायला टेकली होती.

ती धावत बगळ्याकडे गेली. बगळ्या म्हणजे लांब पायांचा यंत्रमानव. मासे खाणं दूरच, बिचारा चोचीने नुसतं पाणी तपासायचा.

"बगळ्या, काय झालंय रे?"

बगळ्याने चोच बुडवली. "विरघळलेला प्राणवायू (पाण्यात मिसळून गेलेला, माशांच्या श्वासाचा प्राणवायू) लिटरमागे एक मिलिग्रॅम. निदान चार हवा."

"काल संध्याकाळी तर मासे मजेत होते!"

"संध्याकाळपर्यंत ऊन होतं. उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री ते काम बंद, पण श्वास घेणं सगळ्यांचंच चालू. माशांचं, शेवाळाचं, तळाशी धानाची धसकटं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचंसुद्धा. म्हणून पहाटे साठा सगळ्यात कमी होतो."

"मग नदीचं पाणी शेतात शिरतं तिथले मासे ठीक कसे?"

"तिथे ताजं पाणी येतं, वाऱ्याने लाटा उठतात, हवा पाण्यात मिसळते. इथले मासे एरवी तिकडेच गेले असते."

पालवीने जवळची जाळी चाचपली. बारीक छिद्रं शेवाळाने पार लिंपली होती. मासे अडले होतेच, पाणीसुद्धा अडलं होतं. तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष तानबाजी आबा आले. "काहून रडते वो पोरी?"

"आबा, माझ्यामुळे मासे मरतायत! जाळ्या काढा!"

"रडून मासे जगतात काय? चल, आवाज दे साऱ्यांना!"

मग काय, गाव लोटलं! मोठी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून विळ्यांनी जाळ्या कापू लागली. बगळ्या ओरडला, "काठाच्या उथळ पाण्यात पोरांना उड्या मारू द्या! पाणी खळबळलं की हवा मिसळते!" वर्षभर पाण्यात उतरलं म्हणून धपाटे खाणाऱ्या पोरांना आज आयाच म्हणत होत्या, "मार रे, अजून मार!"

नऊ वाजता ऊन चढलं, पाणी वाहतं झालं. बगळ्याने चोच वर काढली. "साडेचार."

एकेक तोंड पाण्याखाली गेलं. थोडे मासे दगावले, पण बाकी सगळे वाचले. आबांनी "हुश्श!" केलं आणि ओल्या धोतरानिशी चिखलातच बसकण मारली. पालवी रडता रडता हसली.

"आता मी कधी काही सुचवणार नाही," ती म्हणाली.

"असं कसं बाप्पा? अक्कल तुझी, पण जाळ्या ठोकणारे हात आमचेच ना? पाणी न तपासता ठोकल्या, ही चूक साऱ्या गावाची. तू गप्प बसली, तर पुढच्या वर्षी आम्ही चुकावं कुणाच्या अकलेनं?"

सगळे खो खो हसले. पालवीने डोळे पुसले. "मग सांगू? मधे एकही जाळी नको. फक्त पाणी बाहेर पडतं तिथे एक, मोठ्या छिद्रांची. मासे साऱ्यांचे. ज्याची जमीन बुडते त्याला जमिनीचा वाटा. ज्याची जमीनच नाही पण जो राखण करतो, त्याला कामाचा."

भूमिहीन सोनाबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला. पाठोपाठ सगळ्यांचे गेले. कुणीतरी टाळी वाजवणार, तोच आबांनी त्याला थांबवलं.

"टाळ्या मागून. आधी त्या मोठ्या छिद्रांच्या जाळीचा एक तुकडा आठ दिवस पाण्यात ठेवून बघू, शेवाळाने लिंपतो काय."