सात नंबरच्या केबिनमधल्या जांभया

"भुंग्या, एका जागी बस ना!" ताई ओरडली.

"कसा बसू? उद्या पृथ्वी सोडायचीय!"

तेरा वर्षांची ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दिवसभर गुणगुणणारा भुंगा, सात नंबरच्या केबिनमध्ये पट्टे बांधून बसले होते. समोर आईबाबा. यान अजून जमिनीवरच होतं, पण सुट्टी लागल्यापासून रोज दार लावून अर्धा तास हा सराव चाले. उद्या सकाळी मात्र खरंखुरं उड्डाण! आठ महिन्यांचा प्रवास, मग नवी वसाहत. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होणार होती, बाबा नळ जोडणार होते. परतीचं तिकीट कुणाकडेच नव्हतं.

थोड्या वेळाने ताईला जांभई आली. मग बाबांना, मग आईला. भुंग्याची गुणगुणसुद्धा थांबली.

"डोकं दुखतंय," तो कुरकुरला.

"जागरणं करता ना, म्हणून," आई म्हणाली आणि दार उघडताच औषधांच्या खोक्यांकडे धावली.

ताईला काही ते पटेना. ती भुंग्याला घेऊन शेजारच्या आठ नंबरात शिरली. तिथे तिची मैत्रीण राहायची. उंच, किडकिडीत, दिसेल ते मोजणारी. म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत.

"सरावात तुमच्याकडे किती जांभया येतात?"

"आज तीन. का गं?"

"आमच्याकडे रांग लागते!"

मोजपट्टीने बाहीचा एक दोरा ओढून काढला आणि छताजवळच्या हवेच्या जाळीला बांधला. दोरा फडफडू लागला. मग तिघं सात नंबरात आली. इथे मात्र दोरा लोंबत राहिला. ढिम्म!

तपासनीस काका बाहेरच यादीवर खुणा करत होते.

"काका, आमच्याकडे हवा येत नाहीये!"

"दिवा हिरवा आहे ना? मग येतेय! पळा!"

"दिवा पंख्याचा आहे," मोजपट्टी पुटपुटली. "पंखा फिरला म्हणजे हवा आत येते असं थोडंच आहे?"

पण काका ऐकतील तर शपथ! ताई खोलीभर येरझारा घालू लागली. एकदम ती थबकली.

"काका, सात नंबरातल्या सामानाची तपासणी राहिलीय. एकशे चाळीस वस्तू आहेत!"

काका आत आले. "नियमाप्रमाणे दार बंद हवं ना?" असं म्हणत भुंग्याने दार लावून घेतलं. मग ताई एकेक मोजा हळूहळू उलगडून दाखवू लागली. वीस मिनिटांत काका जांभया देऊ लागले. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी कपाळ चोळलं.

"काय रे हे, डोकं जड झालंय..."

"ही तुमची सोळावी जांभई," मोजपट्टी म्हणाली. "आणि काका, तो दोरा बघा."

काकांनी दोरा पाहिला. मग हिरवा दिवा पाहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झटकन दार उघडलं आणि बाबांना हाक मारली. बाबांनी स्क्रू काढून जाळी उतरवली. आत नळीच्या तोंडावर जाड प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं. कारखान्यातून आलेलं वेष्टन कुणी काढलंच नव्हतं!

"आठ महिने..." बाबा एवढंच म्हणाले आणि त्यांनी भुंग्याला जवळ ओढलं.

सगळ्या जाळ्या उघडल्या तेव्हा आणखी तीन केबिनमध्ये तसंच प्लास्टिक निघालं. उड्डाण दोन दिवस पुढे गेलं.

"चूक माझी आहे," तपासनीस काकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. "मी दिव्यावर विसंबलो. या पोरांनी डोकं चालवलं."

"शाब्बास!" कप्तानबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "सोळा माणसं वाचवलीत तुम्ही. बोला, काय हवं?"

"तासभर बाहेर जाऊ द्या," ताई म्हणाली. "गवतावर."

यानाचं दार उघडलं तशी भुंगा आणि मोजपट्टी बाणासारखी सुटली. बाबाही त्यांच्यामागे निघाले. आई मात्र उंबऱ्यावरच थांबली.

"मला नको गं. एकदा गेले तर पुन्हा आत पाऊल टाकवणार नाही."

ताईने तिचा हात घट्ट धरला. "टाकवेल. मी आणीन तुला."

आणि दोघी उन्हात उतरल्या.