रिकाम्या फलाटाचे सात सेकंद

आमचा स्टुडिओ म्हणजे लक्ष्मीपुरीतल्या मिरची कांडप गिरणीच्या डोक्यावरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकल्यात, दाराला गोधडी टांगलीय. खालची गिरणी सुरू असली की वर माईक उघडता येत नाही, म्हणून गिरणीवाले दुपारी बंद करून घरी जातात तेवढाच आमचा वेळ. एक ते चार. त्या तीन तासांत मी कोल्हीण होते, आजी होते, गरज पडली तर वादळसुद्धा होते. मशीनवर जोतीराम बसतो. जपानी कार्टूनं मुंबईहून येतात, आम्ही त्यांना मराठी बोलायला लावतो आणि परत पाठवतो.

जपानी मला कुणी शिकवलं नाही. सहा वर्षं मूळ आवाज कानात घेता घेता कळायला लागलं. पण येतं ते राजांचं, राक्षसांचं आणि शाळकरी पोरींचं. गॅस संपला, हे कसं म्हणायचं ते मला आजही ठाऊक नाही.

दुसरी एक विद्या आहे, ती जुनी. लग्नाआधी मी इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला जायची. शंभर माग एकदम चालू असले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तिथं बायका आवाजाशिवाय बोलायच्या, नुसत्या ओठांनी, सावकाश. माझ्या लेकीला, शांभवीला, मी ते लहानपणीच शिकवलं. तिचे वडील दुपारी झोपलेले असताना आम्ही दोघींनी अख्खी भांडणं बिनआवाजी केलीत.

शांभवी टोकियोत आहे. कार्टूनं बघून बघून चित्रांनी वह्या भरणारी पोरगी, शेवटी ती जिथं बनतात तिथंच गेली. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मधली जी चित्रं लागतात, ती ती काढते. वडील गेले तेव्हा तिला वेळेत रजा मिळाली नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, निघते म्हणाली. मी म्हटलं, "आता येऊन काय करणार हायस? येऊ नकोस."

तिनं ऐकलं. आयुष्यात एकदाच ऐकलं. त्यानंतर सोळा महिने ना तिचा फोन, ना माझा. हट्टीपणा कुणाकडून घेतला ते विचारू नका.

जुलैत आमच्याकडे एक जुनी मालिका आली. डोंगरातलं लहानसं स्टेशन, तिथं एक पोरगी स्टेशनमास्तर. दर भागात एक प्रवासी उतरतो आणि आपली गोष्ट सांगून जातो. भागाच्या शेवटी गाडी निघून गेल्यावर रिकामा फलाट दिसतो. सात सेकंद. संवाद नाही, संगीत नाही, नुसता वारा.

सोमवारी आम्ही नववा भाग केला. फलाटाच्या पार टोकाला कुणीतरी उभं होतं.

"ही कोण रं?" मी विचारलं.

जोतीरामनं तक्ता बघितला. कोण कितव्या सेकंदाला बोलतं ते त्यात लिहिलेलं असतं. "कोण न्हाय अक्का. आसंल एखादी पाशिंजर. आपल्याला काय, तिला बोलायचं न्हाय."

मंगळवारी ती जवळ आली होती. पायघोळ रेनकोट, केस ओले. आणि तोंड हलत होतं.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. या कार्टूनांत ओठ तीनच तऱ्हेचे काढतात: मिटलेले, अर्धे, उघडे. काम वाचतं, म्हणूनच जगातली कुठलीही भाषा त्यांच्या तोंडी बसते. या बाईचे ओठ तसे नव्हते. तिचे वरचे दात खालच्या ओठावर टेकत होते आणि सुटत होते. एवढं कुणी काढत बसत नाही.

"परत लाव," मी म्हटलं.

जोतीरामनं तीनदा लावलं. "आवाज न्हाय की वो तिला. सोडा की."

मी सोडलं. घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. तव्यावरची तिसरी भाकरी करपली तेव्हा कळलं, मी स्वतः तसे ओठ हलवून बघतेय.

बुधवारी तिचा चेहरा पडद्यावर तळहाताएवढा होता. डोळे दोन टिंबं, नाक एक रेघ. शांभवीचा चेहरा नव्हता तो. कुणाचाच नव्हता. पण ओठ जिवंत माणसाचे होते, आणि त्यांनी म्हटलं,

"अव्वा."

आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. जपानच्या डोंगरात म्हणत नसावेत.

मी हेडफोन काढून ठेवला. जोतीराम म्हणाला, "बीपी वाढलं काय? तोंड पांढरं पडलंय." मी पाणी प्याले. डोकं चालवलं. लेक तिथं चित्रं काढते. हीच मालिका तिच्या हाताखालून गेली असणार. भांडलेल्या पोरीनं आईला गंमत म्हणून घातलं असेल हे. हिशोब बरोबर बसत होता. रात्री झोपही लागली.

गुरुवारी बारावा भाग. गाडी गेली. वारा आला.

ती अगदी समोर होती.

"अव्वा. पोट लई दुखालंय. उठवत न्हाय. दार आतनं लावलंय."

सात सेकंद संपले.

"अक्का?" जोतीराम म्हणाला.

मी फोन लावला. सोळा महिन्यांनी. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा.

जाताना शांभवीनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता, अडीअडचणीला म्हणून. घरमालकीण, तळमजला. तो नंबर मी रागानं कधी लावला नाही, पण मोबाईलमध्ये उतरवून ठेवला होता.

घरमालकीण म्हातारीनं उचलला.

आता मला जपानी बोलायचं होतं, आणि मला येत होतं ते असलं. मी जे बोलले त्याचं मराठी साधारण असं होईल: "हे वृद्धे! माझी कन्या मृत्यूच्या छायेत आहे. तिच्या द्वारी त्वरेनं जा. द्वार भंग कर!"

पलीकडे म्हातारी काहीतरी पुटपुटली. मग चपला ओढल्याचा आवाज. मग जिना.

जोतीराम माझा हात धरून उभा होता. खाली गिरणीवाले परत आले, मुसळं सुरू झाली, मिरचीचा खकाणा वर आला. आम्ही दोघंही खोकत होतो, पण फोन कानाचा काढला नाही.

दार तोडल्याचा आवाज मी मिरचीच्या वासातच ऐकला.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. सोमवारपासून दुखत होतं. कामाच्या घाईत तिनं आधी दुर्लक्ष केलं आणि मग तिला फोनपर्यंत सरकता आलं नाही. दहा दिवसांनी व्हिडिओवर दिसली. गालफडं बसलेली, केस विस्कटलेले. हसत होती.

"घरमालकीण विचारालीय, तुझी अव्वा कुठल्या राज्याची राणी हाय? आता रोज मला वाकून नमस्कार करतीया ती."

"करू दे. पेज जाती का पोटात?"

"जाती." मग फोन जवळ घेऊन, "अव्वा, तुला कळलं कसं?"

मी सांगितलं. वाटलं, हसेल. कबूल करेल.

तिनं मान हलवली. "ती मालिका मी बारावीत आसताना बघितलीया. आमच्या हितल्या कुणीच त्यात काम केल्यालं न्हाय. आणि तो फलाट मी वहीत शंभरदा काढलाय, अव्वा. रिकामाच आसतोय तो."

 मग तिनं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "येऊ का घरी?"

मीही तसंच सांगितलं, "ये." डिसेंबरचं तिकीट काढलंय तिनं.

जोतीराम म्हणाला, ते चार भाग परत लावून बघूया. मी नको म्हटलं. लेक मिळाली की पावती मागू नये.

मधे काम बंद होतं, परवा आम्ही तेरावा भाग केला. मी आजीचे संवाद संपवले. गाडी गेली, वारा आला, आणि फलाटावर एक म्हातारा उभा होता. जाड टोपी, हातात पिशवी. ओठ हलत होते, जिवंत. भाषा माझ्या ओळखीची नव्हती. मराठी नाही, कन्नड नाही, जपानीही नाही.

"ही मालिका आणि कुठं कुठं जाती रं?" मी विचारलं.

"तीसेक भाषांत तरी आसंल की. का?"

"तिथं तिथं आवाज देणाऱ्या सगळ्यांचे पत्ते मिळतील का, मुंबईला विचार. कुणाचं तरी माणूस हाय हे. तोवर एकदा परत लाव."

त्यानं परत लावलं. गाडी गेली. म्हाताऱ्यानं या खेपेला आधी माझ्याकडं नीट बघितलं. मग तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला, ओठ मोठे करून, सावकाश, समोरच्याला कळलं नाही की शेडमध्ये आम्ही सांगायचो तसं.