हेल्गाचा रुसलेला फ्रिज

“विकणार? हेल्गाला विकणार?” ब्रिटा इतक्या जोरात ओरडली, की तळ्यातली बदकं फडफडत उडाली.

“अगं, हळू!” किप म्हणाला. “बाबा फोनवर बोलत होते, ते मी ऐकलं. टॉफ्ट नावाचा माणूस आज दुपारच्या कॉफीला येतोय. हेल्गाच्या पोटाला खिडकी पाडून तो कॉफीचा ठेला करणार आहे!”

“ठेला!” धाकट्या नेल्सच्या हातून गळ सुटता सुटता राहिला.

हेल्गा म्हणजे आजोबांची फिरती घरगाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, सगळा संसार. वय म्हणाल तर ब्रिटाच्या आईपेक्षा थोडं जास्तच. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रिटा, तिचा भाऊ नेल्स आणि मामेभाऊ किप आजी-आजोबांबरोबर या गाडीतून निघत. मिनेसोटातल्या या तळ्याकाठी मुक्काम, मग थेट मोंटानाचे डोंगर! तिथे आजीची बहीण वाट बघत असे.

यंदा मात्र पहिल्याच मुक्कामाला फ्रिज बंद पडला होता. तो चालायचा गॅसवर, पण गॅस पेटायला बॅटरीची वीज लागायची. आजीला रोज इन्शुलिन घ्यावं लागे आणि ते थंड ठेवावं लागे. गेल्या वर्षी दुसऱ्या गाडीने जाताना बर्फाच्या पेटीतलं इन्शुलिन नासलं आणि आजीला वाटेत इस्पितळात पडून राहावं लागलं. त्यामुळे या खेपेला तिने ठणकावून सांगितलं होतं, “फ्रिज नाही, तर मी नाही!” आणि आजीशिवाय आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नसत. म्हणजे फ्रिज गेला, की आजी गेली, आजोबा गेले आणि हेल्गाही गेली!

“पण फ्रिज मेलाय हे ठरवलं कुणी?” ब्रिटाने विचारलं.

“बाबांनी,” किप म्हणाला. “आणि बाबा कधी चुकतात का? विचार त्यांनाच!”

किपचे बाबा, म्हणजे ब्रिटाचा कर्टिसमामा, यंदा सोबत आला होता आणि झाडाखालच्या झोळीत पहुडला होता. ब्रिटा त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

“मामा, तू नेमकं काय तपासलंस?”

“हे बघ,” मामाने खिशातून टेस्टर काढला. मुठीत छोटा दिवा, पुढे टोक, मागे लांब वायर आणि चिमटा. “चिमटा लावला बॅटरीच्या काळ्या टोकाला. हे टोक टेकवलं फ्रिजच्या लाल वायरला. लखकन दिवा! वीज पोचतेय, तरी फ्रिज चालत नाही. म्हणजे फ्रिज मेला. सरळ हिशोब!”

“आणि पांढरी वायर?”

“तिच्यात काय बघायचंय? तिच्यातून वीज नुसती परत जाते.”

“पण परत गेलीच नाही तर?”

“ब्रिटाबाई, तुझ्या वयाहून जास्त वर्षं मी वायरी जोडतोय!”

“मामा, मागच्या पायरीचा दिवाही लागत नाही,” नेल्स मध्येच म्हणाला. “मी कसला आपटलो काल!”

“बल्ब गेला असेल,” मामाने डोळे मिटले.

“नाही गेला! मी तो काढून पुढच्या दिव्यात लावून बघितला. मस्त लागला!”

ब्रिटाने टाळीच वाजवली. “शाब्बास, नेल्स! फ्रिज आणि पायरीचा दिवा, दोघं एकदम आजारी? दोघांचं दुखणं एकच असणार!”

तेवढ्यात खडीवर चाकं करकरली. टॉफ्ट आला! हातात मोजपट्टी आणि नजर हेल्गाच्या बाजूच्या पत्र्यावर. कुठे खिडकी पाडायची, ते जणू ठरूनही गेलं होतं.

“नेल्स, त्याला गुंतवून ठेव!” ब्रिटा कुजबुजली.

“कसं?”

“आजीच्या आंबटगोड रूबार्बच्या वड्या आहेत ना!”

मिनेसोटातली रीतच आहे. कॉफी संपल्याशिवाय सौद्याची गोष्ट काढायची नाही, आणि तिसऱ्या आग्रहाआधी खाऊला हात लावेल तो अडाणी. नेल्सने बशी घेतली आणि चेहरा अगदी गरीब गायीसारखा केला.

“वडी घ्या ना, काका.”

“नको रे बाबा, आत्ताच जेवलो.”

“छोटीशी?”

“छे छे, खरंच नको.”

“आजीला वाईट वाटेल हो.”

“बरं, आता तू एवढं म्हणतोयस तर…”

एका वडीला एवढा वेळ! आणि बशीत वड्या भरपूर होत्या. आजोबांना हवामानाबद्दल बोलायला माणूस मिळाला होता, त्यामुळे तेही खुशीत होते.

इकडे किपने झोळीतून लोंबणारा टेस्टर अलगद पळवला. मामा चांगला घोरत होता. ब्रिटाने आधी गाडीला बाहेरची वीज देणारा, खांबावरचा मोठा प्लग काढून टाकला. “त्या विजेशी खेळायचं नाही. आपलं काम फक्त बॅटरीशी.”

हेल्गाच्या बाहेरच्या अंगाला फ्रिजमागचं झाकण होतं. ते उघडून ब्रिटाने चिमटा पांढऱ्या वायरला लावला आणि टोक लाल वायरला टेकवलं. अंधार! मग मामाने केलं होतं तसं चिमट्याची वायर लांबवून बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली. लख्ख उजेड!

“कळलं?” ब्रिटाचे डोळे चमकले. “मामाने परतीसाठी नवा रस्ताच दिला होता. म्हणून त्याचा दिवा लागला. फ्रिजचा स्वतःचा परतीचा रस्ता तुटलाय! लाल वायरमधून वीज येते आणि तिथेच अडून बसते.”

“मग धर पांढरीचं शेपूट!” म्हणत किप गाडीखाली सरपटला.

पांढरी वायर खाली उतरून लोखंडी सांगाड्यापाशी आली. पायरीच्या दिव्याची पांढरी वायरही तिथेच आली होती. दोघी एकाच बोल्टाखाली! जुन्या गाड्यांत हा सांगाडाच परतीचा रस्ता असतो. बॅटरीची काळी वायर पुढच्या बाजूला त्यालाच जोडलेली.

“पण बोल्ट तर घट्ट आहे,” किप पुटपुटला. “आणि बघ कसा चकाकतोय!”

चकाकणारच! आजोबांनी वसंतात सगळा गंज खरवडून हेल्गाला खालून-वरून हिरवागार रंग दिला होता. एक थर नाही, चांगले जाड थर. पोटाखाली कोण बघतंय, असं शेजारी म्हणाले, तर आजोबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. मग त्याच रंगावर त्यांनी वायरी पुन्हा कसून टाकल्या होत्या.

“रंग!” दोघं एकदम म्हणाले. “रंगातून वीज जाणार कशी?”

पण पंचाईत होती. हेल्गाच्या रंगाला साधं नख लागलं, तरी आजोबांचा पारा चढत असे. इथे तर खरवडायचं होतं!

“आजोबा आपल्याला तळ्यात फेकतील,” किप म्हणाला.

“फेकू देत. मला पोहता येतं! आण तो पाना.”

किपने आधी बॅटरीची वायर सोडवली. मग बोल्ट ढिला केला. ब्रिटाने पॉलिश पेपर घेतला आणि ती खसाखसा घासायला लागली. हिरवी भुकटी तिच्या नाकातोंडात गेली. शेवटी खालून चंदेरी लोखंड चमकलं. वायरींची टोकंही घासली, बोल्ट आवळला, बॅटरी जोडली.

तिकडे बशीत शेवटची वडी उरली होती. शेवटची वडी तिथल्या रीतीप्रमाणे कुणीच उचलत नाही. टॉफ्टने तिचा अर्धा तुकडा केला, नेल्सने त्याचाही अर्धा केला. मग टॉफ्टने रुमालाला हात पुसले. “हं. तर गाडीचं बोलू या?”

नेल्सने हेल्गाकडे बघितलं. आणि तेवढ्यात भर दुपारी हेल्गाच्या मागच्या पायरीचा दिवा लागला!

“आजोबाऽऽ!” नेल्स किंचाळला.

सगळे धावले. ब्रिटाने फ्रिजचं बटण फिरवलं. टक्! क्षणभर काहीच नाही. मग मागे ‘भप्प’ असा आवाज झाला आणि गॅसची निळी ज्योत स्थिर जळू लागली.

“अशक्य!” मामा झोळीतून पडत-धडपडत आला. त्याने खिसे चाचपले, टेस्टर किपच्या हातात बघितला आणि डोकं खाजवलं. “अं… मी ती पांढरी वायर बघणारच होतो.”

“झोपेत?” आजीने विचारलं.

आजोबा मात्र तडक गाडीखाली गेले. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते. “हे कुणी खरवडलंय?” खालून आवाज आला.

ब्रिटा पुढे झाली. “मी.”

“पाना मी धरला,” किप म्हणाला.

“आणि मी वड्या वाढल्या!” नेल्स म्हणाला.

आजोबा बाहेर आले. नाकावर हिरवी भुकटी, डोळ्यांत पाणी. “बोल्टाखाली रंग फासणारा गाढव मीच! आणि त्यापायी मी हिला विकायला निघालो होतो. पोरांनो, तुम्ही होतात म्हणून!” त्यांनी तिघांनाही एकदम कवेत घेतलं. “टॉफ्ट, माफ करा. ही गाडी विकायची नाही.”

टॉफ्टने मोजपट्टी गुंडाळली. “नाहीतरी वड्या फार खाल्ल्या आज,” तो हसून म्हणाला. “असले कारागीर माझ्याकडे असते, तर मीही विकली नसती.”

त्या रात्रीत फ्रिज चांगला गारठला. सकाळी मामाने आपला टेस्टर ब्रिटाच्या हातात ठेवला. “वाटेत काही बिघडलं, तर तू बघ. मी पाना धरीन.”

आजोबांनी चावी घेतली आणि इकडेतिकडे बघितलं. “अरे, तुमची आजी कुठाय? विचार बदलला की काय?”

भोंगा वाजला. इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवून, पट्टा बांधून आजी केव्हाचीच पुढच्या जागेवर बसली होती.

“मोंटाना काय तुमच्यासाठी थांबणार आहे?” ती खिडकीतून ओरडली. “चला! का मीच चालवू?”