मिटणारी चीर

जुन्या सोन्याची मोड वितळवण्याआधी दोघी बहिणींतली थोरली प्रत्येक नग भिंगाखाली बघत असे. साखळीच्या फाशात पोलादी स्प्रिंग राहिली, किंवा मागच्या दुरुस्तीत कुणी शिशाचा डाख दिलेला असला, तर मुशीतलं सगळं सोनं वाया जायचं. धातुशास्त्र शिकून ती वडिलांच्या कारखान्यात परतली होती, ती या असल्या गोष्टी शोधण्याच्या हौसेपायीच. धाकटी समोरच्या टेबलाशी बसून खडे बसवायची. कारखाना चालतो तो हिच्या दहा बोटांवर, असं थोरलीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

त्या दुपारी मोडीतून बोटात घालायचं एक साधं वळं निघालं. ना नक्षी, ना खडा. थोरलीनं ते भिंगाखाली धरलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"अगं, याला सांधाच नाही."

"ओतीव असेल," धाकटी मान वर न करता म्हणाली.

"ओतीव असलं तर बारीक छिद्रं दिसतात. ठोकून केलेलं असलं तर हातोडीच्या खुणा. याला काहीच नाही!"

कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिनं आम्लाचा थेंब सोडला. रेघ जशीच्या तशी राहिली. चोख सोनं. मग तिनं कानस लावली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. चोख सोनं इतकं मऊ असतं की कानशीच्या दातांत अडकून बसतं.

"चोवीस कॅरेट आणि पोलादाहून कठीण! असं नसतंच मुळी."

"मग नसेल. एवढी नाचतेस काय? आण इकडे, माप सांगते."

बाहेरून आलेली अंगठी मापाच्या दांड्यावर चढवायची, बोटात घालायची नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. पण धाकटीला नुसत्या बोटावरून माप कळायचं आणि त्याचा तिला तोराही होता. तिनं वळं उजव्या हाताच्या बोटात सरकवलं.

"बघ! माझ्यासाठीच घडवलंय जणू."

ते निघेना. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बोट लाल झालं, मग जांभळं.

"ताई, हे आवळतंय."

"बोट सुजलंय म्हणून तसं वाटतं."

"माझं बोट मला कळत नाही होय? काप ते. हे बोट गेलं तर मी खडे काय दातांनी बसवू?"

असा नग कापायचा म्हणून थोरलीचा जीव क्षणभर अडखळला. मग तिनं कातडीला इजा होऊ नये म्हणून वळ्याखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली आणि हिऱ्याची पूड लावलेली तार करवतीला बसवली.

तार उतरू लागली. अर्ध्यावर गेल्यावर तिला दिसलं की तारेच्या वरची चीर मिटत होती, पाण्यात काठी ओढावी तशी. तार पट्टीला टेकली तेव्हा वळं पुन्हा अखंड होतं. भिंगाखाली रेघसुद्धा नव्हती.

"अगं, मिटली! आपोआप! थांब, परत एकदा—"

"ताई! बोट माझं आहे!"

थोरली भानावर आली. डोकं मात्र भराभर चालत होतं. या खेपेला ती तारेच्या पाठोपाठ तांब्याचे पातळ पत्रे चिरेत सारत गेली. मिटू पाहणारी चीर पत्र्यांवर अडली. दोन पकडींनी दोन टोकं धरून तिनं सगळा जोर लावला.

वळं उघडलं.

धाकटी बोट धरून शेजारच्या खोलीत पळाली. नळ सुटल्याचा आवाज आला. "वाचलं गं! हलतंय!" ती हसत होती, रडतही होती. "ते आधी वितळवून टाक!"

थोरलीनं वळं चिमट्यात उचललं. बघता बघता चीर मिटली. पत्रे बाहेर पडले नव्हते. आतही कुठे दिसत नव्हते.

वळं विटेवर ठेवून तिनं गॅसचा टॉर्च पेटवला. निळी ज्योत सरळ धातूवर धरली. आतापर्यंत सोन्याचं पाणी व्हायला हवं होतं. हे साधं लालही होत नव्हतं. एवढी उष्णता जात कुठे होती?

"ताई," आतून आवाज आला, "या नळाला गरम पाणी कुठून आलं? बोटाला चटके बसतायत."

थोरलीनं गॅस बंद केला.

"आता?"

"आता गार लागतंय. का गं?"

आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. पण एकदा जुळलं तर त्याला योगायोगही म्हणता येतं.

"काही नाही," ती म्हणाली. "बोट नळाखालीच ठेव हं."

आणि तिनं टॉर्च पुन्हा पेटवला.